गाणी मनात राहिली, शेवट खुपला: ‘एक दूजे के लिए’ दाखवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या वाचनालयाचा चित्रपट गट आहे, त्यातल्या ज्येष्ठ सभासदांनी पुढच्या महिन्यासाठी ‘एक दूजे के लिए’ निवडलाय आणि नंतरची चर्चा तुम्ही घ्यायची आहे. तयारी म्हणून तुम्ही तो घरी आईबरोबर पाहिलात. आई शेवटी ढसाढसा रडली आणि तुम्हाला संताप आला. तुम्ही लिहिलंय, ‘रुसलेल्या मुलीला बंद लिफ्टमध्ये गाऊन मनवायचं, विधवा बाईचा आधार घेऊन तिला सोडून द्यायचं, आणि शेवटी दोघांना मारून टाकायचं, यात मोठं काय आहे? गाणी मात्र चार दिवस डोक्यातून जात नाहीत. मग चुकतंय कोण, मी की आई?’

मी फोंड्याला राहतो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात हार्मोनियम आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवलं, पुढे सुगम संगीत शिकवलं, आणि गेली बावीस वर्षं गावोगावच्या गटांसाठी चित्रपट रसास्वादाची सत्रं घेतो. हा चित्रपट मी आजवर अकरा वेळा लोकांबरोबर बसून पाहिलाय. प्रत्येक वेळी चर्चेत तुमच्या घरात झालं तेच भांडण झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आणि आई एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाही आहात, तुमच्यासमोर प्रश्नच दोन आहेत. ‘ही माणसं जे वागली ते योग्य होतं का?’ हा तुमचा प्रश्न. आईला विचारलंत तर ती बहुधा म्हणेल, ‘त्या दोघांनी वर्षभर किती सोसलं!’ म्हणजे ती सोसण्याबद्दल बोलते, तुम्ही वागण्याबद्दल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढं चर्चेच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आणून दिलं तरी अर्धा आवाज खाली येतो. पण ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून तिथेच सोडून देऊ नका. या चित्रपटाबद्दल ठामपणे सांगण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक त्याच्या गाण्यांत आहे.

आधी गटाला लागणारी पार्श्वभूमी. चित्रपट १९८१चा. दिग्दर्शक के. बालचंदर, निर्माते एल. व्ही. प्रसाद. बालचंदर यांनी हीच गोष्ट १९७८ साली तेलुगूत ‘मरो चरित्र’ म्हणून केली होती, कमल हासनलाच घेऊन. तो तेलुगू चित्रपट मद्रासमध्ये डब न करता, तेलुगूतच, दीड वर्षाहून जास्त चालला. हे मी नेहमी सांगतो, कारण परकी भाषा आड येत नाही असं म्हणणारी गोष्ट परक्या भाषेतच लोकांनी डोक्यावर घेतली होती. हिंदीत कमल हासन वासू झाला, रती अग्निहोत्री सपना आणि माधवी संध्या. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, गीतं आनंद बक्षींची.

गोष्ट गोव्यात घडते. तमिळ घरातला वासू आणि उत्तर भारतीय घरातली सपना शेजारी राहतात. घरच्यांचा विरोध, मग अट: वर्षभर एकमेकांना भेटायचं नाही, कसलाही संपर्क ठेवायचा नाही, त्यानंतरही लग्न करायचं असेल तर करा. वासू हैदराबादला जातो, तिथे विधवा असलेल्या संध्याकडून हिंदी आणि नृत्य शिकतो. मध्ये गैरसमज होतो आणि रागाच्या भरात तो संध्याशी लग्नाला तयार होतो. खरं काय ते कळल्यावर संध्याच बाजूला होते. आणि वर्ष संपून दोघं भेटणार, तेवढ्यात सगळं उद्ध्वस्त होतं.

आता गाण्यांकडे या. वासूला हिंदी येत नाही, सपनाला तमिळ येत नाही. साध्या हिंदी चित्रपटात नायक-नायिका आधी बोलतात आणि मग गातात. इथे बोलायची सोयच नाही, म्हणून गाणं हेच त्यांचं बोलणं आहे. लिफ्टमधलं गाणं घ्या. वासू हिंदी चित्रपटांची नावं एकापुढे एक लावतो आणि त्यातून मनधरणी तयार करतो. त्याच्याजवळ स्वतःची क्रियापदं नाहीत, विभक्ती नाही, भिंतीवरच्या पोस्टरांवर वाचता येतील असे तेवढे शब्द आहेत. परक्या मुलखात नव्याने गेलेला माणूस असाच बोलतो. दुकानाच्या पाट्या, बसवरच्या गावांची नावं, जे दिसेल ते जोडून काम भागवतो. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी ते लहान मुलाच्या हट्टाने गायलंय, आणि मध्ये मध्ये अनुराधा पौडवाल यांचा आवाज येतो. बंद लिफ्टमध्ये रुसलेल्या मुलीपुढे हे चालतं, याचा तुम्हाला राग आला तो बरोबरच आहे. आज माझ्या गटातल्या मुलींनाही येतो आणि मी तो दाबत नाही. पण नावांच्या त्या माळेतला भाषेचा खटाटोप त्यांना दाखवून देतो. मग त्यांचा राग जात नाही, तरी दृश्य पूर्वीपेक्षा मोठं होतं.

बालसुब्रह्मण्यम यांच्या निवडीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यांच्या हिंदी उच्चारांबद्दल लक्ष्मीकांत यांना शंका होती, आणि बालचंदर यांचं म्हणणं होतं की नायक तमिळ आहे, त्याचे उच्चार असेच असणार. चित्रपट पाहिल्यावर बालचंदर किती बरोबर होते ते कळतं. बालसुब्रह्मण्यम यांची मातृभाषा तेलुगू. त्यांच्या ‘ह’ला आणि जोडाक्षरांना जो दक्षिणेचा वास आहे, तो या भूमिकेत दोष राहत नाही, पुरावा होतो. ‘हम बने तुम बने’मध्ये तर लता मंगेशकर हिंदीत गातात आणि हा मुलगा इंग्रजीत सांगतो की तू काय म्हणतेस ते मला कळत नाही. न कळणं हाच त्या गाण्याचा विषय आहे.

आणि आता ‘तेरे मेरे बीच में’. माझं सगळं म्हणणं या एका चालीवर उभं आहे.

घरात किंवा गटात कोणाकडे पेटी असेल तर हे करून बघा. पांढरी एकला सा धरा आणि भूप राग वाजवा: सा रे ग प ध सां. पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर, स्वच्छ, सकाळच्या अंगणासारखे. आता बाकी काही न बदलता फक्त गंधार, म्हणजे ग, कोमल करा. बोट एका काळ्या पट्टीवर जाईल, उरलेले चार सूर जिथल्या तिथे. हा शिवरंजनी. एका पट्टीने एवढा फरक पडतो की खोलीतली माणसं मान वर करून बघतात. ‘तेरे मेरे बीच में’ची चाल शिवरंजनीच्या अंगाची आहे. हाच राग ‘मेरा नाम जोकर’मधल्या ‘जाने कहाँ गए वो दिन’मध्ये आहे, ‘मेहबूबा’मधल्या ‘मेरे नैना सावन भादों’मध्ये आहे. म्हणजे आपल्या कानाला या सुरांची ओळख हरवलेल्या गोष्टीशी आधीच जोडलेली होती.

हे गाणं चित्रपटात दोनदा येतं. एकदा लता मंगेशकर आणि बालसुब्रह्मण्यम यांचं द्वंद्वगीत म्हणून, दोघं आनंदात असताना. नंतर बालसुब्रह्मण्यम यांच्या एकट्याच्या आवाजात, विरहात. दुःखी आवृत्तीसाठी आधीच्या चालीत सूर बदलावे लागले नाहीत, हे लक्षात घ्या. कोमल गंधार पहिल्यापासूनच तिथे होता. आनंदाच्या वेळी ठेक्यामुळे आणि समुद्रामुळे तो जाणवत नाही इतकंच. ठेका संथ झाला, दुसरा आवाज निघून गेला की तोच सूर उघडा पडतो. म्हापशाच्या एका सत्रात मी पेटीवर हे दाखवलं, तेव्हा एक निवृत्त बस कंडक्टर उठून म्हणाले, ‘म्हणजे शेवट ह्यांनी आधीच सांगून टाकला होता की!’ मला याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

तुमची आई शेवटच्या दृश्याला, दोघं कड्यावरून उडी घेतात तिथे, रडली असं तुम्हाला वाटतंय. माझा अंदाज असा की ती त्या चालीला रडली. चाळीसेक वर्षं ते गाणं तिच्या कानात आहे, त्यामुळे सुखाचा प्रसंग चालू असतानाच तिला पुढचं ऐकू येत होतं. तुम्ही कथा पहिल्यांदा पाहत होतात, म्हणून तुम्हाला शेवट अंगावर कोसळल्यासारखा वाटला. हा अंदाज तपासायचा असेल तर तिला विचारा की डोळे पहिल्यांदा कधी भरून आले. मी सत्रात हे चिठ्ठीवर लिहून घेतो. ज्यांनी हा चित्रपट पूर्वी पाहिलेला असतो, त्यांच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटाच्या बऱ्याच आधीची जागा असते.

या गाण्याच्या एका कडव्यात म्हटलंय की जगात लोक कितीतरी भाषा बोलतात, प्रेमाची भाषा मात्र एकच. नुसतं वाचलं तर सुविचार वाटेल. पण हे १९८१ साली एक तमिळ दिग्दर्शक हिंदी चित्रपटात म्हणवतोय, आणि १९६५चं हिंदीविरोधी आंदोलन तमिळनाडूने तोवर विसरलेलं नव्हतं, हे माहीत असलं की त्या ओळीला धार येते. एकट्याच्या आवृत्तीत तर वासूला हिंदी येऊ लागलेलं असतं. भाषा मिळाली, आणि जिच्याशी बोलायची तीच समोर नाही. बालसुब्रह्मण्यम यांना या गाण्यासाठी गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि बक्षींना गीतासाठी फिल्मफेअर. दोन्ही योग्य ठिकाणी गेले असं माझं मत आहे.

‘हम तुम दोनों जब मिल जाएँगे’ हे दुसरं गाणं मुद्दाम ऐकवा. त्यातलं म्हणणं असं आहे की आपण भेटलो तर नवा इतिहास घडवू, आणि नाही भेटलो तरीही घडवू. चाल उत्साहाची आहे, म्हणून लोक तो दुसरा भाग गुणगुणतात आणि पुढे जातात. मी एकदा हे शब्द नुसते, चालीशिवाय, फळ्यावर लिहिले. वर्ग शांत झाला.

इथवर मी आईच्या बाजूने बोललो असं वाटेल. आता तुमची बाजू, कारण तीही तितकीच भक्कम आहे.

वर्षभराच्या विरहातून आलेलं दुःख चित्रपटाने कमावलंय. सपनाची आई वासूचा फोटो जाळते आणि सपना ती राख चहात घालून पिते, हे दृश्य अतिरेकी असूनही पटतं, कारण तोवर तिच्याकडे दुसरं काहीच उरू दिलेलं नाही. पण शेवटच्या भागात सपनावर बलात्कार होतो आणि वासूवर मारेकरी येतात, ते त्यांच्या प्रेमातून किंवा दोन घरांच्या हट्टातून आलेलं नाही. ते बाहेरून आणलंय. आई-वडिलांच्या अटीने सुरू झालेली शोकांतिका दोन दुष्ट माणसांच्या हातून संपवली की ज्यांनी अट घातली ते मोकळे सुटतात. आणि सपनाच्या वाट्याला आलेली हिंसा केवळ मृत्यू अटळ वाटावा म्हणून वापरली आहे, याबद्दल मी माझ्या सत्रात कसलीही सारवासारव करत नाही. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्या काळीही थिएटरातून उठून गेलेल्या बायका होत्या, त्यातल्या एक माझ्या मोठ्या वहिनी.

संध्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तर चर्चेत अवश्य मांडा. मला विचाराल तर या चित्रपटातली सर्वांत शहाणी व्यक्ती तीच आहे. ती शिकवते, ऐकून घेते, खरं शोधून काढते. आणि तिच्यासाठी एकही लक्षात राहणारं गाणं नाही! ज्या चित्रपटात गाणं म्हणजेच बोलणं, तिथे गाणं न मिळणं म्हणजे काय, याचा विचार गटाला करू द्या. माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही, पण या प्रश्नावर नेहमी चांगली चर्चा होते.

आम्हा गोवेकरांची एक तक्रारही सांगतो. गोष्ट गोव्यात घडते, पण लक्षात राहील असं गोव्यातलं एकही घर त्यात नाही. चित्रपटामुळे दोना पावलाची जेटी प्रसिद्ध झाली, आजही पर्यटक चित्रपटाची जागा म्हणूनच ती विचारत येतात. तिथे खडकावर स्त्री-पुरुषाचं पांढरं शिल्प आहे, ते या प्रेमिकांचं समजून लोक फोटो काढतात. ते शिल्प १९६९चं आहे, चित्रपटाच्या बारा वर्षं आधीचं. भारतमाता आणि तरुण भारत अशी त्याची कल्पना आहे. गोवा खरा आहे तो पडद्यामागे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि ते माजोर्ड्याचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी किती वर्षं काम केलं ते मी जवळून पाहिलंय. व्हायोलिनचा ताफा एकदम उसळतो तेव्हा मला ती माणसं आठवतात.

आता प्रत्यक्ष दाखवण्याबद्दल. बरंचसं तुमचा गट कसा आहे त्यावर अवलंबून आहे. सगळे साठीपुढचे असतील तर वेगळं, कॉलेजची मुलं असतील तर वेगळं. तुमचा गट मिश्र आहे असं धरून सांगतो.

सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा की शेवटच्या भागात लैंगिक अत्याचार आणि मृत्यू आहे, कोणाला नको असेल तर तेवढा भाग बाहेर बसता येईल. मी पहिल्या काही वेळा हे सांगितलं नव्हतं. ‘इतका प्रसिद्ध चित्रपट, सगळ्यांना ठाऊकच असणार’ असं गृहीत धरलं. एकदा एक बाई मध्येच उठल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो, त्या एवढंच म्हणाल्या, ‘आधी सांगायला हवं होतं सर.’ तेव्हापासून मी कधीही चुकवत नाही. रहस्य फुटेल ही भीती बाळगू नका. जी शोकांतिका आपल्या गाण्यातच शेवट सांगते, तिचं तुमच्या सूचनेने काही बिघडणार नाही.

दुसरं, जोडप्याच्या एकत्र मरणाबद्दल उघडपणे बोला. त्या काळात तरुण जोडप्यांनी अनुकरण केल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणून चर्चेत ‘अमर प्रेम’, ‘मरणात एक झाले’ असली भाषा मी वापरत नाही आणि कोणी वापरली तर थांबवतो. त्या दोघांना एका तरी मोठ्या माणसाने वेळेवर ऐकून घेतलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारतो. घरच्या विरोधात अडकलेली मुलंमुली तुमच्याही गटात असू शकतात. टेबलावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिसरं, चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे, तेव्हा चर्चा त्याच संध्याकाळी उरकायची घाई करू नका. मध्यंतरात चहाबरोबर चिठ्ठ्या वाटा. एकाच गोष्टीचं उत्तर मागा: ‘आत्तापर्यंतची कोणती जागा लक्षात राहिली?’ नाव लिहायचं नाही, फक्त वय. शेवटाने सगळ्यांचं मत एका बाजूला ओढलं जाण्याआधी ते कागदावर उतरतं, हा त्याचा फायदा. संपल्यावर दिवे लावा आणि दोन मिनिटं कोणालाही बोलायला लावू नका. रडणाऱ्यांना डोळे पुसू द्या, चिडलेल्यांना पाणी पिऊ द्या. मग चिठ्ठ्या वाचा, वयाच्या क्रमाने, लहानापासून. ज्येष्ठांनी आधी बोललं की तरुण गप्प बसतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

तुमचं स्वतःचं मत मात्र शेवटी सांगा, आणि आत्ता आहे तसंच सांगा. आईला पुढच्या ओळीत बसवा. द्वंद्वगीत पुन्हा एकदा लावा, पडदा बंद ठेवून, फक्त आवाज, आणि पेटीवाला कोणी मिळाला तर त्याला गाण्याआधी तो एक गंधार दोन्ही तऱ्हांनी वाजवायला सांगा. चिठ्ठ्या कशा निघाल्या ते मला जरूर कळवा, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांच्या. माझ्या गटात त्या वयाची मुलं आता फार थोडी येतात.